फ्लेक्सवर नसलेला चेहरा

रिक्षावाल्याने आधी वर पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे, मग पुन्हा वर.

"तुमीच काय त्या?"

मी मान बाहेर काढली. कोन गावच्या नाक्यावर, जिथे एरवी कुणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस टांगलेला असतो, तिथे मी टांगलेली होते. पिवळ्याधमक फ्लेक्सवर, माणसाच्या दुप्पट उंचीची. वर लिहिलं होतं: कोडिंग क्वीन, आमच्या लाडक्या ताईंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.

"नाही," मी म्हणाले. "ती माझी बहीण."

"सेम दिसतात," तो म्हणाला आणि मीटर बंद केला.

खाली उतरून पाहिल्यावर आणखी एक धक्का बसला. फोटो तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराविरुद्ध काढलेल्या मोर्चातला होता. मूळ फोटोत माझी मूठ वर होती आणि तोंड घोषणेसाठी उघडलेलं. मूठ कापून टाकली होती. तिच्या जागी कुणा उमेदवाराचे नमस्काराला जोडलेले हात चिकटवले होते. हात गोरे, केसाळ, मनगटात सोन्याचं जाड कडं. तोंड मात्र घोषणेचंच राहिलं होतं, त्यामुळे मी हात जोडून गावावर ओरडते आहे असं दिसत होतं.

आणि मी कोण? कॉलेजात असताना पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर उभं राहून याच फ्लेक्सांविरुद्ध पत्रकं वाटणारी. 'चौक तुमच्या बापाचा आहे का' हे त्या पत्रकाचं शीर्षक मीच दिलं होतं आणि त्यासाठी आमच्या विद्यार्थी संघटनेत शाबासकी मिळवली होती. आता त्या चौकात मीच, केसाळ हातांनी.

हे कसं झालं ते सांगते.

माझा धंदा सॉफ्टवेअर लिहिण्याचा. नोकरी नाही, साहेब नाही. नवीन पनवेलच्या भाड्याच्या खोलीत बसून परदेशातल्या दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटची ॲप बनवते. तिकडच्या लोकांची दाढ कधी काढायची ते इथून ठरतं, हे जितकं विनोदी आहे तितकंच संतापजनकही आहे. खारघरच्या टॉवरांत पाचवीच्या पोरांना कोडिंग शिकवायला मास्तर घरी येतो आणि हायवेच्या अलीकडच्या कोनमधली बारावी झालेली पोरं डिलिव्हरीच्या पिशव्या वाहतात. मला ते बघवेना. म्हणून ठरवलं, गावात प्रोग्रामिंगचा वर्ग काढायचा. खारघरला एक कंपनी ऑफिस बंद करत होती, तिचे जुने लॅपटॉप मिळाले. जागा नानांनी दिली.

नाना म्हणजे गावातले बडे गृहस्थ. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, शेत होतं. ते रस्त्यात आणि प्रकल्पात गेलं, बदल्यात गाळे आले. शिवाय नानांचा टेम्पो होता. रोज सकाळी तो डोंगरापायथ्याच्या आदिवासी वाडीवर जायचा, माणसं भरायचा आणि खारघरच्या बांधकामांवर सोडायचा. दिवाळीनंतर तीच माणसं वीटभट्ट्यांवर. "मजूर पुरवणाऱ्याच्या गाळ्यात तू क्रांती करणार?" संघटनेतल्या मैत्रिणीने विचारलं होतं. मी म्हटलं, क्रांतीला पंखा आणि प्लग लागतो, तो तू दे. पंखा तिच्याकडेही नव्हता. मी गाळा घेतला.

पत्रक मी लिहिलं: 'तरुणांनो, यंत्राचे गुलाम होऊ नका, यंत्राला भाषा शिकवा.' कुणी फिरकलं नाही. नानांच्या पुतण्याने ते वाचलं. गॉगल कपाळावर सरकवून तो म्हणाला, "ताई, हे वाचून मलाच कायतरी चूक केल्यासारखं वाटतंय." त्याने नवीन मजकूर केला: फुकट. एसी. वायफाय.

"एसी कुठंय?"

"आल्यावर कलंल ना त्यांना."

आली पोरं. गाळा भरला. एसी नाही म्हणून कुणी परत गेलं नाही. त्या पुतण्याला मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

वाडीवरून एकच मुलगी यायची. सतरा-अठरा वर्षांची, आश्रमशाळेतून दहावी झालेली. आईबरोबर बांधकामावर कामाला जाते एवढं मला माहीत होतं. रोज उशिरा यायची आणि गाळ्याच्या मागच्या दाराने, मोरीच्या बाजूने आत शिरायची. बसायचीही तिथेच, दाराशी. हे पाहून माझं रक्त तापायचं. गावाने हिला मागच्या दाराची सवय लावली आहे, दुसरं काय? एकदा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून पुढून यायचं. शटरमधून. ताठ मानेने." ती हसली, पुतण्या हसला, अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती मागूनच आली.

पण डोकं असं, की मी दातांच्या दवाखान्यांना बाजूला ठेवून तिच्यासाठी धडे काढायचे. फुटक्या काचेच्या मोबाइलवर टाइप करून तिने एक प्रोग्राम लिहिला. फोटो द्यायचे, तो प्रत्येक चेहरा गोल कापतो, चेहरे किती आहेत ते मोजतो आणि त्या मापाने गोल लहानमोठे करून जागेत नीट बसवतो. मला वाटलं, हा शाळेच्या ओळखपत्रांसाठी असेल. किती भोळी मी. गोल चेहरे ओळीने कुठे लागतात, हे कोनमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तर नाक्यावर उभी राहून मी ते गोल पाहत होते. खाली 'शुभेच्छुक' आणि त्याखाली माझा वर्ग. गॉगलवाला पुतण्या मधोमध. सगळे होते.

ती नव्हती.

पुन्हा डावीकडून बघत गेले. ज्या पोरीच्या प्रोग्रामने हे गोल कापले, तिचाच गोल नाही. केसाळ हातांचं मी एका क्षणात माफ करून टाकलं. हे नाही करणार. नाक्यापासून गाळ्यापर्यंत चालत गेले आणि जाताना डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयारही झाली होती.

संध्याकाळ झाली होती. शटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर नाना बसले होते, मोबाइलवर बैलगाड्यांची शर्यत बघत. "वाढदिवस जोरात हाय, मॅडम," ते म्हणाले. मी उत्तर न देता आत गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. केक होता.

"तिचा फोटो कुठे आहे?"

टाळ्या थांबल्या.

"कुनाचा?" पुतण्या म्हणाला.

"कुणाचा ते तुला कळतंय. तिने लिहिलेला प्रोग्राम चालतो, तिचं तोंड चालत नाही?"

"ताई, हलू बोला जरा."

"का हळू बोलू? वाडीवरच्या माणसांनी तुमच्या भिंती बांधायच्या, तुमच्या विटा भाजायच्या आणि फ्लेक्सवर यायची वेळ आली की फक्त गाव?" मी बोलतच गेले. पत्रकाची सवय वाईट, एकदा परिच्छेद सुरू झाला की संपवावा लागतो. पुतण्या सारखा शटरकडे बघत होता आणि हाताने खाली, खाली अशी खूण करत होता. मला ती खूण उर्मट वाटली.

"आनि तो फ्लेक्सवाला फोन करतोय," तो मध्येच म्हणाला, विषय बदलावा तसा. "पनवेलचा. ज्यानं गोल केले त्याला दुकानात बसवायचंय म्हनतो. रोजचं काम."

"आपण फ्लेक्स बनवायला शिकवत नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून ती आत आली. केसांत सिमेंटची धूळ होती. तिने वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं कळलं.

"माझा फोटो मीच नाय टाकला, ताय," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "नानांचा टेम्पो रोज फ्लेक्सच्या खालून जातो."

"मग?"

"मी शिकते हे नानांना कललं तर म्हनतील, ही पलनार. पलनारीला लांबच्या भट्टीवर धाडतात. आयपासून तोडून."

मी वर्गाकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. मागच्या दाराची कडी रोज कुणीतरी काढून ठेवायचं. टेम्पो रिकामा होऊन नाना खुर्चीवर बसले की पुतण्या बाहेर जाऊन त्यांना शर्यत लावून द्यायचा, चांगली लांबलचक, आणि तेवढ्यात ती मागून यायची. ताठ मानेने पुढून ये म्हटल्यावर वर्ग का हसला होता, ते मला आत्ता कळत होतं. एकजुटीवर मी इतकी पानं लिहिली. ती माझ्याच वर्गात रोज संध्याकाळी चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

आणि मी हे सगळं शटर उघडं ठेवून ओरडले होते.

बाहेर शर्यतीचा आवाज बंद झाला. खुर्ची सरकली. नाना दारात आले.

"अरे, पोरीला मागून कशाला आनता?" ते पुतण्याला म्हणाले. "मोरीत इंचू हाय. पुडून येऊ द्या की."

कुणी हललं नाही.

"मला काय आंधला समजता? पावसाच्या आधीपासून ठाव हाय मला."

"आणि तुमचं काही म्हणणं नाही?" मी विचारलं.

"माझं काय म्हननं असनार? शिकू दे." ते हसले. अगदी मनापासून, मोठ्या माणसाने लहान मुलांच्या भातुकलीकडे बघावं तसे. "कामावर टायमात येते, झालं. तुमच्या क्लासातून आतापर्यंत निगालंय काय, मॅडम? येक फ्लेक्स. दिवालीनंतर भट्टी लागंल तवा ती टेम्पोत बसंलच. जाईल कुटं? केक कापा, केक कापा."

आणि ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

मी बऱ्याच लोकांशी भांडले आहे. नोटिसा देणाऱ्यांशी, दमदाटी करणाऱ्यांशी, आमचे कागद फाडणाऱ्यांशी. त्यांना आमची थोडीतरी भीती वाटायची म्हणून ते फाडायचे. या माणसाने आम्हाला जागा दिली, वीज दिली, पोरीला मोरीतला विंचू चावू नये याची काळजी केली, कारण आमच्या शिकवण्यातून काही निष्पन्न होईल असं त्याला एक क्षणही वाटलं नव्हतं.  माझ्या हातात कुणीतरी दिलेली प्लास्टिकची सुरी होती.

ती मुलगी मात्र लॅपटॉपपुढे जाऊन बसली.

"तुजा मोबाइल दे," ती पुतण्याला म्हणाली. "फोटो काड."

"कशाला?"

"आता लपवायचं काय रायलंय?"

शटरसमोर उभं राहून तिने फोटो काढून घेतला, नानांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. केसांतली धूळ झटकली नाही. आत येऊन फोटो टाकला, प्रोग्राम चालवला. पडद्यावरचे सगळे गोल किंचित आकसले आणि शेवटी तिचा बसला.

"ताईंचा फोटो पन जरा बारका झाला," पुतण्या घाबरत म्हणाला.

"होऊ दे. ते हात काढ आधी," मी म्हणाले.

"मूठ परत लावू?"

"नको," ती म्हणाली. "जागा खाते."

नुसता चेहरा राहिला. फ्लेक्सवाला कामाला बोलावतोय हे पुतण्याने तिला सांगितलं. मग तिने मला विचारलं, त्याचा नंबर कुणाकडे आहे. मी 'आपण फ्लेक्स बनवायला शिकवत नाही' असं पुन्हा म्हणाले नाही. फोन तिनेच केला, मागच्या दाराशी उभी राहून, आणि बोलताना सारखी 'हो सर, येते सर' म्हणत होती.

नवीन फ्लेक्स आम्ही सकाळी लावला. पुतण्या वर चढला, मी बांबू धरला. चौक माझ्या बापाचा नाही, मला माहीत आहे, तरी धरला. ती खाली उभी राहून डावीकडे, उजवीकडे सांगत होती. धुतलेला ड्रेस घातला होता.

टेम्पो आला. मागे वाडीवरची माणसं उभी-बसलेली, त्यांत तिची आई. नानांनी टेम्पो थांबवला, काचेतून वर पाहिलं, नजर शेवटच्या गोलापाशी थांबली.

"बरा आलाय," ते म्हणाले. "चल, बस."

"नाय, नाना. मी पनवेलला चाललेय. दुकानात."

"किती दिवस?"

"रोज."

"आनि दिवालीनंतर?"

"तवापन नाय."

इंजिन चालूच होतं. नानांनी तिच्या आईकडे आरशातून पाहिलं. आईने मान खाली घातली नाही, वरही केली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पहिल्यांदाच त्यांना न हसताना बघितलं.

"मॅडम, गाल्याची चावी संध्याकाली देऊन जा."

संतापायला हवं होतं. त्याऐवजी कालपासून छातीवर बसलेलं काहीतरी हललं. या माणसाने आज पहिल्यांदा आमचा वर्ग खरा मानला होता.

टेम्पो निघाला. मागे, कडेच्या फळीवर, आईने लेकीसाठी जागा धरून ठेवली होती. तिथे तिने डब्याची पिशवी ठेवली आणि ती पडू नये म्हणून वरून हात दाबला. पुलाखाली वळेपर्यंत तो हात दिसत होता.

"चावी माझ्याकडंपन हाय येक," वरून पुतण्या म्हणाला.

"तो तुझा काका आहे."

"म्हनून तर हाय."

ती हसली नाही. पुलाकडेच बघत उभी होती. मग ओढणी सारखी केली आणि पनवेलकडे जाणाऱ्या रिक्षाला हात केला.

"चला, ताय. पयल्या दिवशी उशीर नको."

मी बांबू अजून धरूनच होते.