ढगांच्या चाकरीचं गाऱ्हाणं

मी विमानतळावर आभाळ बघते. कामाचं खरं नाव हवामान निरीक्षक, पण आमच्या गावात ते कुणी उच्चारत नाही. माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, पहिल्या दिवसापासून त्याला ‘ढगांची चाकरी’ म्हणतात. "ढग बघूचो पगार गावता? मग माका आजपर्यंत कोणी कसो दिल्यान नाय?" असं त्यांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं होतं. पेढे माझ्या नोकरीचेच होते.

काम ऐकायला सोपं वाटतं. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, धावपट्टीच्या कडेला आमची छोटी खोली आहे. थोड्या थोड्या वेळानं बाहेर यायचं, ढग किती, कसले, किती उंच, समोरची झाडं स्पष्ट दिसतात की धूसर, धुकं कुठून चढतंय हे बघायचं आणि टॉवरला कळवायचं. तिथून ते वैमानिकाला जातं, आणि तो उतरायचं की नाही ते ठरवतो. आम्ही चौघं आळीपाळीनं हे करतो, सगळी आसपासच्या गावांतली, कंत्राटावरची. नवरा बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने दर्यावर. मी आधी मुंबईत एका खोलीत भाड्यानं राहून नोकरी करत होते. ही नोकरी लागली म्हणून मी गावी परत आले, आणि घरात एकट्या पडलेल्या बाबांना चहा द्यायला माणूस झालं.

मग एक दिवस विमानतळावरच्या साहेबांनी चौघांना बोलावलं आणि सांगितलं, नवीन मशीन बसवलंय, ते आता आपोआप सगळं मोजेल, तुमचं कंत्राट संपलं की पुढं काही नाही. "वरून आलंय," म्हणाले. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनशी माझं भांडण नाही. वारा, तापमान, दाब ते झकास मोजतं, खोटं कशाला बोलू? पण ते उभं आहे धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, आणि आमच्याकडे धुकं चढतं पश्चिमेला, खाडीच्या अंगानं. तिकडं पांढरं दाट झालेलं असतं आणि मशीन सांगतं, सगळं स्वच्छ. त्याला मान वळवून बघता येत नाही, त्याला ते बिचारं काय करणार? मान वळवायला माणूस लागतो, एवढंच आमचं म्हणणं होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. नोकरी गेली तर मला पुन्हा मुंबई गाठावी लागणार होती, आणि बाबा मुंबईला येणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जा तू. माझा काय, मी आसंय हय." एवढं बोलून ते गुरांकडे गेले. ‘मी आहे इथं’ म्हणजे पुन्हा एकटेच. त्याच क्षणी मी ठरवलं, हात चोळत बसायचं नाही.

पहिल्यांदा आम्ही चौघं आमदारांकडे गेलो. सुट्टी टाकून, इस्त्रीचे कपडे घालून, छान प्रमाण मराठीत निवेदन लिहून. तिथं ही गर्दी! बऱ्याच वेळानं आमचा नंबर लागला. मी सुरुवात केली, "साहेब, आम्ही हवामानाच्या संदर्भात..." झालं! त्यांनी हात वर केला. "काळजीच करू नका. आंब्याचे पंचनामे सुरू झालेत. अवकाळीनं मोहोर गेला त्या प्रत्येकाला भरपाई मिळेल." मी म्हटलं, साहेब, आंबा नाही, आम्ही विमानतळावरची माणसं. "काजूचंही बघतो," ते म्हणाले. कप्पाळ माझं! आमच्या जिल्ह्यात हवामान म्हणजे नुकसानभरपाई, दुसरा अर्थच नाही. शेवटी एकदाचं त्यांना समजलं, तेव्हा म्हणाले, "अहो, विमानतळ दिल्लीचा विषय. खासदारांना भेटा."

खासदार भेटायला आणखी वेळ लागला. या वेळी मी शहाणपणा केला, हवामान हा शब्दच टाळला. "साहेब, विमानतळाचं काम आहे," म्हटलं. ते एकदम खुशीत आले. "मुंबईचं विमान रोज सुरू होणार! मी स्वतः पाठपुरावा करतोय." मग कोणत्या शहरांना विमानं सोडायची त्यांची यादीच त्यांनी ऐकवली. ऐकून बरं वाटलं, पण त्या सगळ्या विमानांना आमच्या सड्यावर धुकं आहे की नाही ते कोण सांगणार, हे विचारायला तोंड उघडलं तोवर बाहेरून कुणीतरी हार घेऊन आला. निघताना म्हणाले, "स्थानिक नोकऱ्यांचं आमदार बघतात ना?"

म्हणजे आम्ही गोल फिरून जिथल्या तिथं. दोघे दोन पक्षांचे, एकमेकांचं तोंड न बघणारे, पण आम्हाला एकमेकांकडे ढकलण्यात त्यांचं छान एकमत झालं होतं. परतीच्या एसटीत आमच्यातला एक जण म्हणाला, "सोडून देऊया. मी गोव्याला बघतो कायतरी." मी त्याच्यावर अशी ओरडले की कंडक्टरनं वळून बघितलं. जत्रा जवळ आली होती, आणि माझ्या डोक्यात त्याच एसटीत एक गोष्ट आली.

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांच्या घराण्याकडे आहे. जत्रेला बाबा उभे राहतात, देवाला हाक मारतात, गावाचं एकेक मागणं मांडतात, आणि प्रत्येक मागण्यापाठी सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" एकदा म्हटलं की ते देवासमोरचं बोलणं, त्यातून मागं फिरायचं नाही. आणि जत्रेला आमदार न चुकता येतात. आमदार येतात म्हटल्यावर खासदारही येतात. दोघेही पुढच्या रांगेत उभे राहून सगळ्या गावाहून मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, कारण समोर सगळे मतदार उभे असतात.

मी बाबांपुढं विषय काढला. दोन्ही साहेबांना पटवणं परवडलं, पण सासऱ्यांना पटवणं नको! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवाचा नारळ चोरून खाल्ला होता. "देवाकडे गावाचा गाऱ्हाणा जाता, घरचा नाय," म्हणाले. "माझ्या सुनेची नोकरी ऱ्हवांदे म्हणान मी देवापुढं उभो ऱ्हवलंय, तर लोक तोंडात शेण घालतीत. आणि घालूकच व्हया." मी तणतणले, भांडी आपटली, जेवताना बोलले नाही. ते ढिम्म हलले नाहीत. रात्रभर धुसफुसल्यावर सकाळी माझ्या लक्षात आलं की म्हातारा बरोबर बोलतोय. गाऱ्हाणं गावाचं हवं तर ते गावाचं करायला पाहिजे.

मग मी घरोघर फिरले. ड्युटी संपली की चप्पल घालायची आणि सुटायचं. प्रत्येक घरी तेच सांगायचं: सडा कुणाचा होता? आपली गुरं चरायची तो सडा. तो दिला, विमानं आली, चांगलं झालं. पण त्या सड्यावर आपल्या गावांतली चार माणसं उभी आहेत, तीही जाणार. आणि उद्या तुमचा मुलगा चतुर्थीला विमानानं येईल तेव्हा खाडीवरचं धुकं बघायला तिथं कुणी नसेल. पहिल्यांदा लोक नुसते हसले. "ढगांची चाकरी वाचवूक इली," अशी थट्टा झाली. पण मुलाचं विमान म्हटलं की बायका चुलीवरून उठून बाहेर यायच्या. मग त्याच नवऱ्यांना सांगायच्या. जत्रेआधी गावातल्या मानकऱ्यांची बैठक बसली, तेव्हा विषय मी नाही काढला, दुसऱ्यांनीच काढला. बाबा त्या बैठकीतून घरी आले आणि थेट गुरांकडे गेले. जत्रेच्या दिवशी सकाळी चहा पिताना तेवढं विचारलं, "ता तुझा मशीन, तेका मान वळवूक येणा नाय मा?"

"नाही," मी म्हटलं.

"बरा," म्हणाले, आणि धोतर नेसायला गेले.

दुपारी देऊळ माणसांनी फुललेलं होतं. आमदार एका बाजूला, खासदार दुसऱ्या बाजूला, मधे बाबा. मी बायकांच्या घोळक्यात. बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली. आंब्याक मोहोर भरभरून येवंदे. व्हय म्हाराजा! काजीक कीड लागा नये. व्हय म्हाराजा! दर्यार गेलेले झिल सुखरूप घराक येवंदे. व्हय म्हाराजा! दोघे साहेब रंगात आले होते, एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा त्याच्यावर. आणि मग बाबांनी हात जोडून आवाज चढवला.

"आणि म्हाराजा, सड्यार आमची लेकरां आभाळ राखतत. तेंची चाकरी ऱ्हवतली का जातली, ता हय तुझ्या पायाकडे उभे आसत त्या दोघांच्या हातात आसा. हे दोघेय एक होवन ती चाकरी राखतले. तेंच्याकडसून ता पुरा करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अहो, सगळ्यांत मोठा आवाज त्या दोघांचा! म्हणून झाल्यावर त्यांना उमगलं आपण काय म्हटलं ते. आमदारांनी खासदारांकडे बघितलं, खासदारांनी आमदारांकडे. बाबांनी त्यांना विचार करायला सवडच दिली नाही. दोघांच्या हातात एकेक नारळ ठेवला आणि म्हणाले, "ह्यो देवाचो नारळ. घरात देवाकडे ठेवा. काम झाला काय हयच येवन फोडा." देवळात असा हशा पिकला, आणि शेवटी ते दोघेही हसले. मी तर पदरात तोंड खुपसून रडले. हसू की रडू ते माझं मलाच कळत नव्हतं.

नुसत्या नारळानं काम होत नसतं, हेही सांगते. त्यानंतर आम्ही चौघांनी दोघांचीही पाठ सोडली नाही. दर आठवड्याला फोन. खाडीवरून धुकं कसं चढतं त्याचे फोटो पाठवले. आमदारांनी पत्र दिलं, आणि चक्क ते पत्र खासदारांच्या हातात नेऊन ठेवलं. खासदार ते घेऊन दिल्लीत मंत्र्यांना भेटले. मधे कंत्राट संपत आलं, मी मुंबईच्या जुन्या ऑफिसात चौकशीही करून ठेवली. बाबांना ते सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असणार, कारण ते त्या दिवसांत माझ्या हातचा चहा घोट घोट करून खूप वेळ प्यायचे.

आणि एका सकाळी, मी खोलीबाहेर उभी राहून खाडीकडे बघत असताना, फोन वाजला. खुद्द खासदार. "ताई, झालं काम! मशीनही राहील आणि तुम्ही चौघंही राहाल. आदेश निघालाय." पुढं म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांनी घरात सीसीटीव्ही बसवला होता हो माझ्या. आमची आई रोज देवापुढं दिवा लावताना नारळ दाखवून विचारायची, काय रे, देवाला हो म्हणून आलायस ना?" मी फोन ठेवला आणि सड्यावर एकटीच ‘व्हय म्हाराजा!’ अशी ओरडले. टॉवरवरून विचारणा आली, मॅडम, काय दिसलं? मी म्हटलं, काही नाही, आभाळ एकदम स्वच्छ आहे.

पुढच्या जत्रेला दोघेही नारळ घेऊन हजर झाले. वाळून खडखडीत झालेले ते नारळ दोघांनी एकाच दगडावर फोडले, आणि ढोल वाजला. पण त्या दिवशी नेमकं आभाळ झाकोळून आलं. पालखी बाहेर काढायची की नाही, यावर मानकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. देवाची वस्त्रं, दागिने, भिजले तर काय? दरवर्षी हे बाबा एकटे ठरवतात, अंगणात येऊन वर बघतात आणि सांगतात. या वर्षी ते बाहेर आले, वर बघितलंच नाही. पायरीवर उभे राहून त्यांनी सगळ्या गावासमोर हाक मारली.

"आमची सून खंय आसा? गो बाये, हय ये. आभाळ बघूची चाकरी तुझी, माझी नाय. सांग, पालखी भायर काढू काय थांबू?"

गर्दीनं मला वाट दिली. दोन्ही साहेब बाजूला सरकले. मी अंगणात उभी राहिले आणि वर बघितलं. ढग पातळ होते, खूप उंचावरचे, वारा पूर्वेचा. मान वळवून खाडीच्या बाजूला बघितलं, तिकडंही काही नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं तरी एवढं नीट दिसलं.

"काढा बाबा," मी म्हटलं. "पाऊस नाही."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला, आणि पालखी बाहेर निघाली. एक थेंब पडला नाही.