भक्तिगीतांत पहिला नंबर

भाचीचं गाणं पहिल्या नंबरावर आल्याचं मला आमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या फ्लेक्सवरून कळलं. फ्लेक्सवर तिचा फोटो पासपोर्टच्या मापाचा होता आणि शुभेच्छुकांचा दरवाजाच्या मापाचा. शुभेच्छुक पुढच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत. 'धायरीची शान' असं वर लिहिलं होतं. धायरीची शान रोज सकाळी सात वाजता कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते आणि संध्याकाळी मान दुखते म्हणत परत येते. गाणं तिने त्या बसमध्येच रचलं होतं. एक मुलगा तिला सोडून गेला, त्याबद्दल ते आहे. मी ते एकदा ऐकलं होतं, मामा म्हणून.

शुक्रवारी ती पेढे घेऊन माझ्याकडे आली. ताईचा, म्हणजे तिच्या आईचा फ्लॅट समोरच्या विंगमध्ये आहे.

"मामा, सोमवारी राजीनामा देतेय. मेल लिहून ठेवलाय. आईला इतक्यात बोलू नकोस."

"कशाच्या जोरावर?"

"पहिला नंबर आलाय! अजून काय पाहिजे?"

"कोणी दिला?"

"अ‍ॅपने. लोक ऐकतात, अ‍ॅप मोजतं. तू पेढा खा."

मी पेढा खाल्ला. पण माझा विश्वास बसला नाही, आणि त्याला कारण आहे.

शाळेत असताना आम्हा चार मित्रांचा एक श्रोता संघ होता. रेडिओवर दर आठवड्याला गाण्यांची क्रमवारी लागायची आणि तिच्यासाठी श्रोत्यांची पत्रं मागवायचे. आम्ही संघाचा रबरी शिक्का करून घेतला होता. सभासद कागदावर एकोणतीस होते. त्यांत माझे वारलेले आजोबा होते आणि घरमालकांचा कुत्राही, आडनावासकट. मी उजव्या हाताने पत्रं लिहायचो, डाव्या हाताने लिहायचो, बायकांची पत्रं हिरव्या शाईने लिहायचो. एकदा आमचं आवडतं गाणं तीन पायऱ्या वर चढलं. निवेदक भारावलेल्या आवाजात म्हणाले, "रसिकांचा कौल!" तेव्हापासून कौल हा शब्द मी फक्त छपरासाठी वापरतो.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे 'सर्वाधिक वाचलेली पुस्तकं' अशी यादी दरवर्षी मीच लावायचो. पंख्याखालच्या कपाटातली पुस्तकं त्या यादीत नेहमी वर असत.

तर मी भाचीला म्हटलं, "यादी दाखव."

तिने फोन पुढे केला. मी चष्मा लावला. यादी भक्तिगीतांची होती, तीही फक्त धायरी परिसराची. मुलगा सोडून गेल्याचं गाणं सर्वांत वर होतं आणि त्याच्या खाली पाच विठ्ठल, दोन गणपती आणि एक हनुमान चालिसा होती.

"हे इथे काय करतंय?"

"ते अल्गोरिदम ठरवतं, मामा. ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात ते बघून गाणं त्या यादीत टाकतं. आणि हे बघ, ऐकणारं कोण आहे तेही दिसतं. सगळ्या बायका. पंचावन्नच्या पुढच्या." तिचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या वयाचं कोणी नाही, ते सोड. पण या बायका! त्यांनाही कधीतरी कोणी सोडून गेलेलं असेल ना? त्यांच्यासाठी गाणी लिहितं कोण? मी आता तेच करणार आहे."

एवढं बोलून ती डोळे पुसत गेली. मी मात्र उरलेली संध्याकाळ पंचावन्नच्या पुढच्या, अभंग ऐकणाऱ्या, धायरीत राहणाऱ्या बायका कोण असाव्यात याचा विचार करत बसलो. फार वेळ लागला नाही. त्यांचं अध्यक्षपद ताईकडे आहे.

महिला भजनी मंडळ शनिवारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये बसतं. मी पाण्याच्या टाकीची तक्रार हे निमित्त घेऊन गेलो. अभंग रंगात आला होता. मधोमध सतरंजीवर, जिथे एरवी प्रसादाचं ताट असतं, तिथे बारा फोन ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या पडद्यावर भाचीचा फोटो होता. आवाज एकाचाही नव्हता. वर टाळ चालले होते, खाली गाणं मुक्याने वाजत होतं, आणि संपलं की एक बाई वाकून पुन्हा लावत होती. तेवढ्यात तिचा टाळ चुकत होता.

मी ताईला दाराशी बोलावलं.

"हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? लेकीचं कौतुक चाललंय." ताई शांत होती. "महिनाभरात एकोणीस जणांनी ऐकलं होतं रे. जेवत नव्हती पोरगी. मग मी यांना म्हटलं, जरा हातभार लावा."

"आवाज तरी ठेवायचा."

"भजनात? शोभतं का?"

"ताई, ती परवा राजीनामा देणार आहे."

ताई दारातल्या चपलांवरच बसली. "नोकरीचा?"

"नाहीतर कशाचा, भजनी मंडळाचा?"

"अरे, मी तिला चार दिवस बरं वाटावं म्हणून..."

तिचं वाक्य अर्धवट राहिलं, कारण जिन्यावरून भाची येत होती. हातात पेढ्यांचा डबा होता. ऐकणाऱ्या त्या बायका म्हणजे आईच्या मैत्रिणीच असतील असं तिच्या मनातही नव्हतं. ती नुसती मोठ्यांच्या पाया पडायला आली होती. तिने आत पाहिलं. बारा वेळा स्वतःला पाहिलं.

अभंग थांबला. कोणीतरी उगाच पेटीचा भाता दाबला.

भाची फोनांपाशी आली. मग तिने विचारलं, "कोणी ऐकलं का यातलं? एकीने तरी?"

बायका टाळांच्या दोऱ्या सोडू लागल्या, बांधू लागल्या. आमच्या पुण्यात एरवी कोणी मत द्यायला एवढा वेळ घेत नाही.

"म्या ऐकलं ना," कोपऱ्यातून आवाज आला. त्या अकोल्याकडच्या काकू होत्या. मुलगा हिंजवडीत नोकरीला, म्हणून सहा महिन्यांपूर्वी इथे आल्यात. "मले त्या फोनचा आवाज बंदच कराले येत नाई. दहा दिवस झाले, भाजी निवडता निवडता तेच ऐकून रायली."

"मग? कसं वाटलं?"

"चाल चांगली हाये. पण तिसऱ्या कडव्यात तुहा दम सुटते, पोरी. थे ओळ लंबी हाये. मधात तोड."

भाचीने डबा ताईच्या हातात दिला आणि काकूंपुढे मांडी घातली. "कुठे तोडू?"

काकूंनी ती ओळ म्हणून दाखवली. ओळ त्यांना पाठ होती. मी ती पहिल्यांदाच नीट ऐकली, आणि ती बरी होती. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

सोमवारी राजीनामा गेला नाही. एका श्रोत्यावर नोकरी सोडता येत नाही, असं भाची म्हणाली, आणि सातच्या बसने गेली. आईशी ती आठवडाभर बोलली नाही. शनिवारी मात्र काकूंकडे जाऊन बसते, वही घेऊन.

पुढच्या आठवड्यात गाणं यादीतून नाहीसं झालं. विठ्ठल एक पायरी वर सरकले. फ्लेक्स अजून आहे. शुभेच्छुकांना यादी पाहायची सवय नाही.

आणि रोज चारच्या सुमारास काकूंच्या खिडकीतून ते गाणं अजूनही मोठ्याने येतं. आवाज बंद करायला त्या केव्हाच शिकल्या असाव्यात, असा मला संशय आहे. विचारलेलं नाही.