नव्या पेटीची डावी बाजू

त्याचं खरं नाव स्टुडिओत आता कुणाला पटकन आठवत नाही. सगळे त्याला कानसेन म्हणतात. गळ्याने बेताचाच गडी, आंघोळ करतानाही कधी गुणगुणायचा नाही, पण ऐकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गाणाऱ्याने भलत्या जागी श्वास घेतला, कुणाची खुर्ची कुरकुरली, व्हायोलिनवाल्याच्या पोटात भुकेने गुरगुरलं, की काचेपलीकडून हा बोट वर करायचा आणि म्हणायचा, "पुन्हा. आणि त्याआधी काहीतरी खाऊन या." माणसं ओशाळायची, हसायची आणि निमूट पुन्हा वाजवायची.

त्याचं खरं काम मात्र सगळे घरी गेल्यावर सुरू व्हायचं. गाणारे, वाजवणारे वेगवेगळे रेकॉर्ड होतात. ते आवाज मग एकत्र बसवावे लागतात: कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे. हे बसवणं तो घरी, मागच्या खोलीत करायचा. खोली कसली, एक टेबल, एक खुर्ची, आणि दार लावलं की खुर्ची मागे सरकत नसे. शेजारच्या इमारतीत सुतारकाम चालायचं, त्यामुळे स्पीकर लावून काही उपयोग नव्हता. सगळा कारभार हेडफोनवर. आवाजाची पातळी दाखवणारे मीटर समोर असत, पण त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. "मीटर बघून मिक्स करणारा म्हणजे घड्याळ बघून भूक लागणारा," असं त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते ऐकून ऐकून त्याची बायको कंटाळली होती.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावायची. तिच्या अनुभवाप्रमाणे माणसांच्या दोन जाती असतात. एक म्हणते, "मला दिसत नाही." दुसरी म्हणते, "तुमचा हा तक्ता जरा पुसट छापलाय." दुसऱ्या जातीशी वाद घालायचा नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. वाद घातला की ती माणसं उठून जातात आणि भिंतींवर आपटत फिरतात.

तर झालं असं, की कानसेनच्या कामाबद्दल कुरबुरी यायला लागल्या. आधी एका गायिकेने स्टुडिओच्या मालकांना सांगितलं, की माझं गाणं डावीकडे कलतंय. मालक हसले. मग एका गिटारवाल्याने तेच सांगितलं. मालकांनी मग कानसेनला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पेटी जुनी झाली आहे. डावी बाजू दबते, म्हणून मला ती वाढवून घ्यावी लागते."

पेटी म्हणजे हेडफोनचा अॅम्प्लिफायर. हेडफोनला ताकद देणारा डबा. आणि त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही बरं का. स्वस्तातल्या पेट्यांमध्ये आवाज कमी-जास्त करायचं बटण झिजतं, आणि आवाज बारीक ठेवला की एक बाजू मागे पडते. हे सगळ्या जगाला माहीत आहे. मालक मात्र खवचट. म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं नाही ना?" कानसेनने ते मनाला लावून घेतलं. त्याने बटणात धूळ काढायचा फवारा मारला, वायर बदलली, कानावरच्या गाद्या बदलल्या, खोलीतली खुर्चीसुद्धा फिरवून पाहिली. डावी बाजू दबलेली ती दबलेलीच.

मग तो सोल्डरकडे गेला. सोल्डर हा त्याचा जुना दोस्त, दोन दुकानांच्या फटीत बसून पेट्या बनवायचा. त्याच्याकडे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या पेट्याही होत्या, मंद उजेडाच्या, देखण्या. कानसेनने त्यांना हातही लावला नाही. "तुझे व्हॉल्व्ह आवाजात साखर घालतात," तो म्हणाला. "मला सॉलिड स्टेट दे. ट्रान्झिस्टरवाली. चांगल्यातली चांगली. मला जे आहे ते ऐकायचंय." सोल्डरने फळीवरून एक काळी, जड, कसलीही शोभा नसलेली पेटी काढली. म्हणाला, "ही घे. दोन्ही बाजू अगदी सारख्या. हिला खोटं बोलता येत नाही."

आणि काय सांगू, पेटी होतीच तशी. पहिल्या दिवशी कानसेन खोलीतून बाहेरच आला नाही. त्याने स्वतःच बसवलेली जुनी गाणी काढली आणि त्यात त्यालाच माहीत नसलेल्या गोष्टी ऐकल्या. ढोलाचं कातडं ताणलेलं ऐकू यायचं, दोन सुरांमधली शांतता अगदी स्वच्छ. त्याला इतका आनंद झाला, की त्याने बायकोला हाक मारून आत बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. ती थोडा वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "छान आहे. पण गाणं जरा कडेला बसलंय का?"

"ते जुन्या पेटीवर केलेलं आहे," तो म्हणाला.

खरं म्हणजे नव्या पेटीवरही त्याला डावी बाजू दबलेलीच वाटत होती. पण या लोकांची एक श्रद्धा असते, आणि ती तुम्हाआम्हाला ठाऊक नसते. नवी पेटी लगेच खुलत नाही, तिला बरेच दिवस चालू ठेवावं लागतं, मग ती रुळते. असं ते एकमेकांना सांगतात आणि एकमेकांवर विश्वासही ठेवतात. कानसेनने घरात फर्मान काढलं, की मागच्या खोलीतलं बटण कुणी बंद करायचं नाही, पेटी रुळायची आहे.

"रुळायला ती काय नवी सून आहे?" बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाही कळत बाई. आमच्याकडे चष्मा घातला की त्याच क्षणी दिसतं."

पेटी रुळत होती तेवढ्यात एका शाळेच्या गायनवृंदाचं काम आलं. मुलांच्या दोन रांगा, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे पियानो. मोठं काम होतं, शाळेला ते वार्षिक समारंभात लावायचं होतं. कानसेनने जीव ओतून ते बसवलं. डावी रांग कमी वाटली म्हणून थोडी वर घेतली. मग आणखी थोडी.

शाळेने काम परत पाठवलं. त्याने पुन्हा केलं. शाळेने पुन्हा परत पाठवलं. मालकांनी या वेळी फोन केला, आणि त्यांचा खवचटपणा संपला होता. "गाणं शिकवणाऱ्या बाई विचारतायत, उजव्या रांगेतली पोरं घरी गेली होती का? हे बघ, तू आपला माणूस आहेस. पण सोमवारी हे असंच आलं, तर पुढची कामं मला दुसऱ्याकडे द्यावी लागतील. माझाही नाइलाज आहे."

कानसेनच्या तोंडचं पाणी पळालं. या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. घाबरलेला माणूस आधी चिडतो. शनिवारी तो पेटी काखेत मारून सोल्डरच्या दुकानात गेला आणि टेबलावर आदळून म्हणाला, "तुझी पेटी खोटं बोलते."

सोल्डरने पेटी उघडली, मीटरच्या दोन तारा लावल्या, आवाज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. डावीकडचा आकडा आणि उजवीकडचा आकडा हातात हात घालून वर जात होते, खाली येत होते. दोघंही बराच वेळ ते आकडे बघत राहिले. मग सोल्डरने स्क्रू परत बसवले आणि वर न बघता हळूच विचारलं, "हेडफोन उलटा घालून पाहिलास का?"

कानसेनने पेटी उचलली आणि तो बाहेर पडला.

आता हे समजून घ्या. हेडफोन उलटा घालणं ही या धंद्यातली पहिली इयत्ता आहे. एक बाजू कमी येते? हेडफोन फिरवा. डावं उजव्या कानावर, उजवं डाव्या कानावर. कमीपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष यंत्राचा. त्याच कानात राहिला, तर दोष तुमचा. अर्ध्या मिनिटाचं काम. कानसेनने स्वतः कितीतरी नवशिक्यांना हे शिकवलं होतं, वर त्यांना बावळट म्हटलं होतं. आणि याच माणसाने वायर बदलली, गाद्या बदलल्या, अख्खी पेटी बदलली, पण हे एवढं मात्र केलं नाही. विसरला होता म्हणाल, तर मुळीच नाही. रोज हेडफोन हातात घेताना तो डावी-उजवी खूण बघूनच घालायचा, अगदी काळजीने. झाकली मूठ उघडायची त्याला हिंमत नव्हती. मला त्याचा राग येत नाही. आपणही कुठेकुठे हेच करत असतो.

रविवारी दुपारी बायको दुकानात गेलेली, शेजारचं सुतारकाम बंद. तो मागच्या खोलीत बसला. मुलांचं गाणं लावलं, दोन्ही रांगा मुद्दाम मीटर बघून सारख्या केल्या. ऐकलं. डावी रांग कमी. मग त्याने हेडफोन काढला, हातात फिरवला आणि उलटा घातला.

आता डावी रांग भरघोस गात होती आणि उजवी दूर गेली होती. कमी ते त्याच्या डाव्या कानालाच येत होतं. त्याने पुन्हा फिरवला, पुन्हा उलटा घातला. पोरं बिचारी इकडून तिकडे जाऊन गात राहिली. मग त्याने उजवा कान तळहाताने गच्च दाबला आणि नुसत्या डाव्याने ऐकलं. पियानो ऐकू येत होता, पण वरचे बारीक सूर तिथे नव्हतेच. सगळ्या पोरांनी तोंडावर रुमाल धरल्यासारखं वाटत होतं. कानसेन टेबलावर डोकं टेकून रडला, अगदी लहान मुलासारखा.

मग त्याने डोळे पुसले आणि मालकांना फोन लावला. हा माणूस हट्टी असेल, पण लबाड नव्हता. "मालक, पेटी चांगली आहे," तो म्हणाला. "माझा डावा कान गेलाय. पोरांचं काम मीटर बघून सरळ केलंय, पण दुसऱ्या कुणीतरी ऐकल्याशिवाय शाळेला पाठवू नका." मालक म्हणाले, "उद्या ये. बसून बोलू. रेकॉर्डिंगला काचेपलीकडे मला तूच लागणार आहेस, एका कानाने का असेना." कानसेन "येतो" म्हणाला. त्याने फोन ठेवला.

दारात बायको उभी होती. दुकानातून कधी आली, त्याला कळलंच नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली आणि ती येऊन त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी जेवणाच्या टेबलावरची खुर्ची बदलली ना, तेव्हापासून."

त्याला आठवलं. खिडकीतून वारा लागतो म्हणून ती त्याच्या डावीकडची जागा सोडून उजवीकडे बसायला लागली होती. त्या गोष्टीला बरेच महिने झाले होते. रस्त्याने चालतानाही ती हल्ली उजवीकडूनच चालायची.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कानसेनला सांगू, की तुम्हाला ऐकू येत नाही? तुम्ही पेटी बदललीत, मी म्हटलं, बदलू देत. कधीतरी स्वतःच वाचाल तक्ता." ती म्हणाली. "आणि खरं सांगू? इकडून बोललं की तुम्हाला ऐकू येतं हे कळलं, तेव्हा आधी बरंच वाटलं."

"बरं वाटलं?"

"त्याआधी मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही. मी शेजारी बसून काहीबाही सांगायचे आणि तुम्ही खाली मान घालून जेवत राहायचात. हूं नाही की चूं नाही. इतकी वर्षं झाली, माणसाचं मन उडतही असेल, असं म्हणत मी स्वतःची समजूत घालायचे. एकदा तर तिथेच बसून रडले. तुम्ही मीठ मागितलंत."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीला खेटून उभी असल्याने खुर्ची मागे सरकत नव्हती, नाहीतर तो उठला असता. "अगं, मग मला विचारायचंस तरी."

"विचारलं होतं ना."

"काय विचारलं होतंस?"

"विचारलं होतं, माझं काही चुकलं का."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "नाही गं," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नव्हतं."