आईच्या तोंडून माझं नाव

दुसरी मोठी लढाई चालू होती, तेव्हा आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली, पाण्याच्या घोटानंही ठसका लागून जीव कासावीस व्हायचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विणायचा माग बंद ठेवला आणि टांगा करून आम्हाला शहापुरातून कॅम्पातल्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सबाई कडक होत्या. "तुमच्या मालकांचं नाव काय?" त्यांनी आईला विचारलं. आईनं मान खाली घातली. पुन्हा विचारलं, तर तिनं तोंडच फिरवलं. "शब्द सगळेच गेलेत," म्हणत बाई कागदावर लिहायला लागल्या, तशी मी उसळले.

"बाई, नवऱ्याचं नाव ती कशी घेईल? धडधाकट हुती तवा तरी कुठं घेत हुती?"

बाईंना हसू फुटलं. मग माझ्याकडे बोट करून त्यांनी आईला विचारलं, "हिचं नाव काय?" आईचे ओठ हलले. पहिलं अक्षर आलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. मला ते बघवेना. माझं नाव मीच सांगून टाकलं.

"तू गप्प बस!" बाई कडाडल्या. "तिला वेळ लागतोय. तेवढा दे की."

बाकीचं शिकवलेलं मी मन लावून केलं. आईला ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, दाटसर आंबील चमच्याचमच्यानं द्यायची, एक घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही. ठसका थांबला. हळूहळू पाणी, मीठ, व्हय, न्हाय असे शब्दही आले. माझं नाव तेवढं पहिल्या अक्षरावरच राहायचं, कारण ते कानावर पडलं की मी हातातल्या, मागासाठी सूत गुंडाळायच्या कांड्या टाकून "ओ, आले गं आई!" करत धावायचे. "लई गुणाची पोर हाय," शेजारच्या आक्का म्हणायच्या आणि मी फुगायचे. आई थोडा वेळ माझ्याकडे बघायची, मग बोटानं तांब्या दाखवायची.

तीन वर्षांनी ती गेली. अजून मला माझाच राग येतो. कसली मेली घाई होती? तिनं अर्धा दिवस घेतला असता, तरी ते नाव तिच्या तोंडून पुरं ऐकायचं होतं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणीच उरलं नाही, घरीदारी मी सगळ्यांची आज्जी. आज आईनं ते पहिलं अक्षर काढलं, तर मी ओ देणार नाही. बसून राहीन.