साडूचा आफ्रिकेतला रस्ता आणि सासऱ्यांची पांदण

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा सुट्टीवर आला. तो फौजेच्या इंजिनिअर पलटणीत हवालदार. आफ्रिकेतल्या एका देशात लढाई थांबल्यावर शांतिसेनेबरोबर वर्षभर रस्ते दुरुस्त करून आला होता. मी बांधकाम खात्यात रस्ता कारकून, नोकरीला सोळा वर्षं झालेली.

डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या सासुरवाडीत त्याचा अल्बम ओसरीवर फिरत होता. छत्तीस फोटो. बावीसमध्ये तो स्वतः, निळ्या टोपीत. एकात रोलरच्या मागून टोपल्या घेतलेल्या बायका चालत होत्या. चार वर्षांनी त्यांची बाजाराची वाट उघडली होती म्हणे. फोटो चांगला होता हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मी तो सगळ्यांत लवकर पुढं सरकवला. माझ्या देखरेखीखाली बेचाळीस किलोमीटर रस्ता झाला, त्यातल्या एका मीटरचाही कुणी फोटो काढला नव्हता.

मी साडूला विचारलं, "दिवसाला किती व्हायचं?"

"कधी तीनशे मीटर, कधी तीस. पुढं सुरुंग काढणारे असतात. त्यांनी पांढरा दगड ठेवला की तिथवरच जायचं, भाऊ."

"तीस मीटर? आमच्याकडं एवढ्यावर नोटीस मिळती."

सासरे हसले. "तुमच्या रोडात कोन सुरुंग पेरले, जावई? तरी वसमत रोडचे खड्डे तसेच हायत."

सगळी ओसरी हसली, माझी बायकोसुद्धा. वसमत रोड माझ्याकडं नव्हताच, पण ते सांगून उपयोग नव्हता.

मग सासऱ्यांनी पांदणीचा विषय काढला. गावापासून शेतापर्यंत सहाशे चाळीस मीटर. पावसाळ्यात बैलगाडी जात नसे. तीन वर्षांपूर्वी मीच टेप लावून ती मोजली होती, काय करावं लागेल त्याचा कागद त्यांना दिला होता. आता गाव श्रमदानाला तयार झालं होतं. उभं राहून काम कोण करून घेणार, एवढंच ठरायचं होतं. सासऱ्यांनी माझ्याकडं न बघता साडूला विचारलं.

"आठ दिवसांत होईल, मामा," तो म्हणाला. "मुरूम टाकायचा अन् दाबायचा."

तिकडची जमीन लाल, कडक. इथली काळी. दीड फूट उकरून खाली दगड भरल्याशिवाय तिच्यावर मुरूम टिकत नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

घरी येताना बायको म्हणाली, "तुमी काहून गप बसले?"

"मला कोणी विचारलं?"

पांदण नवव्या दिवशी झाली. आषाढ संपेपर्यंत मुरूम मातीत गेला आणि सासऱ्यांची गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतली. मी मुद्दाम बघायला गेलो. सासरे म्हणाले, "आपली मातीच वंगाळ. त्यानं तर आफ्रिकेत रोड केले." हे ऐकायला मी अडीच महिने वाट बघितली होती.

दिवाळीत साडू आला. मी त्याच्यासोबत पांदणीवर गेलो. त्यानं खाली बसून माती बोटांत चोळली.

"भाऊ, तुमाला माहीत होतं?"

"व्हय."

तो हात झटकत उठला. मग म्हणाला, "तिकडं आमी पहिले गावातल्या माणसाला विचारायचो, कुठं काय पुरलंय म्हणून. इथं मी काहून न्हाई विचारलं?"

तो सरळ ओसरीवर गेला आणि वीस माणसांत म्हणाला, "मामा, चूक माझी हाय. काळी माती उकरायला पाहिजे होती. आता भाऊंच्या मापानं करा." मला आधीपासून माहीत होतं, हे त्यानं सांगितलं नाही.

सासऱ्यांनी माझा जुना कागद शोधायला लावला. काम माझ्याकडं आलं. तीन वर्षं मला हेच हवं होतं. पण एवढ्या लोकांसमोर 'चूक माझी' म्हणून लगेच चहा मागणाऱ्या त्या माणसाचा मला त्याच्या छत्तीस फोटोंपेक्षा जास्त हेवा वाटला. मीही तिथंच बसलो होतो. 'मला माहीत होतं' एवढंच म्हणायचं होतं. मी कप हातात घेतला आणि खोदाई कोणत्या टोकापासून सुरू करायची ते सांगू लागलो.