ॲसिडचा टब

सरांनी माझा बीकर चिमट्यानं उचलला. गरम नव्हता. थंडगार, रिकामा होता. ॲसिडच्या टबाशेजारी सगळ्यांच्या बीकरांबरोबर मी तो ठेवला होता. सरांनी तो नेऊन खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "तारां वासण जुदां राखजे, बेन." तुझी भांडी वेगळी ठेव. कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं, मग सीट कुठल्या कोट्यातली ते. सुरतेच्या त्या कॉलेजात पीएचडी करणाऱ्या सगळ्यांची काच एकाच पद्धतीनं धुतली जायची. आधी पाणी, मग पातळ ॲसिडच्या टबात बुडवून ठेवायची, मग डिस्टिल्ड वॉटर. माझी मात्र नळाखाली, घासणीनं, भांड्यांच्या पावडरीनं. "आधी तुझा हात बसू दे," सर म्हणायचे. माझ्यानंतर आलेल्या हेतलचा हात बरा पहिल्याच आठवड्यात बसला!

सुरतेतच डिंडोलीला, आम्हा खानदेशी लोकांच्या वस्तीत घर; तिथं काही बोलले नाही. पप्पा डाईंग मिलमध्ये कामाला. जेवताना विचारायचे, "काम कसं चाली ऱ्हायनं बेटा?" मी म्हणायचे, मस्त.

मस्त कसलं, डोंबल! माझा विषय आयर्न ऑक्साईड, म्हणजे गंजाची भुकटी. पाणी आम्लधर्मी असलं की तिच्या कणांवर धन भार येतो, अल्कधर्मी असलं की ऋण. मधे एका पीएचला भार शून्य. आधी तो आकडा काढायचा, मग मिलच्या सांडपाण्यातलं काय काय तिला चिकटतं ते बघायचं. हेतलही तेच मोजायची; तिचा आकडा पुस्तकात असतो तसा. माझा कायम खाली. पुन्हा केलं, पुन्हा खाली. वर्ष असंच गेलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इन लोगों से लॅब का काम नहीं होता. सर्वे का विषय ले लो." आणि मलाही ते पटायला लागलं होतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, स्वतःच्या हातांकडे बघत. काय खोट आहे यांच्यात?

एकदा माझा बीकर फुटला. हेतलनं टबातून काढलेला तिचा दिला. तीच भुकटी, तेच पाणी, हातही माझेच. आकडा बरोबर आला! दुसऱ्या दिवशी तिचाच बीकर मागून घेतला. पुन्हा बरोबर. मग मी पावडरीच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं. फॉस्फेट. ते काचेवर राहतं. आयर्न ऑक्साईड भेटलं की त्याला घट्ट चिकटतं, भार ऋणाकडे ओढतं आणि आकडा खाली येतो. ॲसिडनं ते निघतं, नळाखाली घासून निघत नाही.

सरांना सांगितलं. "बहाना," एवढंच म्हणाले. मग मात्र माझं टाळकंच सटकलं. खिडकीतली माझी सगळी भांडी आणली आणि त्यांच्यासमोर टबात सोडली.

"आखो टब बगाड्यो! बहार काढ!" अख्खा टब नासवला म्हणे.

"नाही काढणार, सर." मराठीतच बोलले. समजायचं ते समजले.

त्यांनी शिपायाला बोलावून अख्खा टब मोरीत ओतायला लावला. वरून घासून धुवायला लावला. अरे, काचेवरची घाण खायलाच ठेवलेलं ॲसिड ते, आणि माझ्या काचेनं विटाळलं? तोवर मी मनाची समजूत घालत होते की शिस्त असेल, सरांचा स्वभाव असेल. त्या दिवशी ती समजूत संपली.

मी नवीन ॲसिड केलं. टब भरला. सगळ्यात आधी माझी भांडी घातली आणि तिथंच उभी राहिले.

रोज ओता. मी रोज भरीन. विषय बदलणार नाही. आणि प्रबंधात त्या वाया गेलेल्या वर्षाचे चुकलेले आकडे गाळणार नाही, सगळे देणार. ते फॉस्फेटमुळे चुकले हे लिहिणार. ते फॉस्फेट माझ्याच काचेवर का होतं, माझीच भांडी वेगळी कोणी धुवायला लावली आणि कशासाठी, हेही त्याच पानावर लिहिणार.