टेलरकाकूंचा पन्हा

टेलरकाकूंच्या हातचं कटिंग म्हणजे बोलायचं कामच नाही. पण संगणकापुढे त्यांचीही भंबेरी उडाली, आणि तीही कशावरून, तर पन्ह्यावरून. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. काकूंचा सगळा जन्म त्यातच गेलेला.

हॉस्पिटलचे गणवेश काकूंच्याच दुकानात शिवले जात. यंदा हॉस्पिटलनं अट घातली: माप टाकलं की किती कापड लागेल ते वेबसाइटवर दिसलं पाहिजे, नाहीतर काम कारखान्याकडे. तसं झालं असतं तर दुकानातल्या दोघी शिवणाऱ्या घरी बसल्या असत्या. काकूंनी कंबर कसली आणि सुनेकडून पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा शिकायला घेतली.

आधी कोट, एप्रन, पायजमा, प्रत्येकाच्या पानावर त्यांनी तोच हिशोब पुन्हा उतरवला. मग नवं कापड आलं, पन्हा बदलला, आणि एप्रनचं पान बदलायचं राहून गेलं. झाले सगळे एप्रन आखूड.

"कागदी खाका तुम्ही एकदाच कापता ना, आई?" सून म्हणाली. "फंक्शन तसंच. एकदा लिहायचं, हवं तिथे वापरायचं."

एवढं म्हटल्यावर काकूंना आणखी काही सांगावं लागलं नाही. एका बैठकीत फंक्शन लिहिलं. तर पानावर चूक: पन्हाच सापडत नाही म्हणे. काकू भडकल्या.

"वर ढळढळीत लिहिलाय की. डोळे फुटलेत का याचे?"

दुकानात पन्हा खडूनं भिंतीवर लिहिला की सगळ्यांना दिसतो, ही त्यांची जन्माची सवय. सून हसू दाबत म्हणाली, "फंक्शनच्या आत बसलेल्याला बाहेरची भिंत दिसत नाही. पन्हा कंसातून आत द्यावा लागतो." काकूंनी दिला. आकडा बरोबर आला.

हॉस्पिटलचे साहेब पान बघायला आले ते मुद्दाम अरुंद कापड घेऊन. "आता दाखवा." काकूंनी पन्हा एकाच जागी बदलला आणि कोट, एप्रन, पायजमा, सगळ्यांचे आकडे तिथल्या तिथे बदलले. साहेबांनी टेप लावून पडताळून पाहिलं. मग सुनेकडे वळून म्हणाले, "छान केलंय तुम्ही. काम इथेच राहील."

"मी नाही केलं. आमच्या सासूबाईंनी केलंय," सून म्हणाली, आणि असल्या तोऱ्यात म्हणाली की अभिमानानं काकूंचा ऊर नुसता भरून आला.

दाराआड कान देऊन उभ्या असलेल्या दोघी शिवणाऱ्या आपापल्या मशीनवर जाऊन बसल्या.